रविवारची सुट्टी

व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुंबईचा गिरणी कामगार उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबायचा. चाळीतल्या एका खोलीत दाटीवाटीनं सगळा संसार. १८८१ चा कारखाना कायदा आला, तरी सात वर्षांच्या पोराला नऊ तास कामाला जुंपता येत होतं. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हतीच.

ती मागितली कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन स्त्रियाही बोलल्या. मला त्या दोघींचं फार अप्रूप वाटतं. घरची चूल आवरून गिरणी गाठणाऱ्या बाईइतकी विश्रांतीची किंमत कोणाला कळणार? १० जूनला मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

मराठवाड्यातलं आपलं पाचोड तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. तो रविवार इथवर आला नाही. अजूनही सगळ्यांपर्यंत आलेला नाही. दिवाळी सरली की आपल्या मराठवाड्यातून ऊसतोडीला बिऱ्हाडं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, डोक्यावर मुकादमाची उचल, फडाजवळ कोपी. पहाटेच्या थंडीत तोडणी, डोक्यावर मोळ्या, लेकरू बांधावर. ताप असो की बाळंतपण, एक दिवस बुडाला की खाडा लागतो, वर पैसे कापले जातात.

या कोयत्यालाही आठवड्यातून एक दिवस भरपगारी सुट्टी मिळायलाच हवी. आणि त्यासाठी सभा भरेल, तेव्हा पहिलं भाषण ऊसतोड करणाऱ्या बाईचं व्हावं.