त्या दिवशी चेंडू कपाटात ठेव

छत्रपती संभाजीनगर,
२५ जून

चि. छकुलीस,


तुझं पत्र परवा मिळालं. आठवीचा वर्ग मिळाला आणि ‘वयात येताना’ हा तासही तुझ्याच गळ्यात पडला. मुख्याध्यापक म्हणतात, मुलामुलींना वेगळं बसवा. तुला वाटतं, एकत्र घ्यावं. मावशीचं मत विचारलंयस.

आधी माझी चूक सांगते. नोकरीच्या सुरुवातीला मीही मुलींना हॉलमध्ये घेऊन दार लावायची आणि मुलांच्या हाती चेंडू देऊन त्यांना मैदानावर पिटाळायची. आत पाळीविषयी बोलणं, बाहेर पोरं खिडकीला कान लावून. एकदा मधल्या सुट्टीनंतर एका मुलीच्या दप्तरातून पॅड खाली पडलं आणि अख्खा वर्ग खिदळला. ती पोर आठवडाभर शाळेत आली नाही. मुलींना मी पाळी समजावली होती. ती हसण्याची गोष्ट आहे, हे मुलांना माझ्या बंद दारानं शिकवलं होतं.

शंका मुलांनाही असतात गं. आवाज फुटतो, मिसरूड येतं, झोपेत वीर्यपात होतो. त्याला आपण शब्द दिला ‘स्वप्नदोष’, नावातच ठपका! मुलींना सांगितलं ‘कावळा शिवला’. गुरुजी गप्प बसले की भिंतीवरच्या गुप्तरोगाच्या जाहिराती बोलतात, आणि आता मोबाईल.

तरीही पहिला तास वेगळा घे. पांढरं पाणी, पोटात कळा याविषयी गावातल्या पोरांसमोर, चुलतभावासमोर मुलींना तोंड उघडवत नाही. ही भीड एका दिवसात मोडत नसते. पण अट एक: खोल्या दोन, धडा एकच. मुलांच्या शरीरात काय बदलतं ते मुलींना कळू दे, पाळी का येते ते मुलांना. मुलांचा तास घेणाऱ्या सरांनी ‘घरी वाचून घ्या’ म्हणत तो उरकला, तर मुलांसमोर तूच उभी राहा.

दुसरा तास मात्र एकत्रच घे. नाही म्हणजे नाही, कुणाचा फोटो न विचारता पुढे पाठवायचा नाही, लग्नाचं वय मुलीचं १८ आणि मुलाचं २१, २०१२ चा पॉक्सो कायदा १८ वर्षांखालच्या मुलग्यालाही लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देतो, अडचणीत मुलांच्या मदतीसाठीच्या १०९८ वर फोन करायचा. हे वेगवेगळं सांगण्यासारखं काय आहे? नकार देणारी आणि तो ऐकून घेणारा एकाच वर्गात बसतात. सुरुवातीला हशा पिकेल. पिकू दे, तू शांत राहा.

प्रश्नपेटी ठेव. चिठ्ठीवर नाव नको आणि चिठ्ठी प्रत्येकानं टाकायची. शंका नसेल त्यानं ‘शंका नाही’ एवढंच लिहायचं. म्हणजे कुणी लिहिलं याचा माग कुणाला लागत नाही.

आणि आधी पालकसभा घे, काय शिकवणार ते आईबापांना वाचून दाखव. २००७ मध्ये विधिमंडळात गदारोळ होऊन केंद्राचा किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रम आपल्या राज्यात थांबवला गेला होता. आईबापांना विश्वासात घेतलंस, तर तुझ्या शाळेत ती वेळ येणार नाही.

घाबरलीस, तर र. धों. कर्व्यांना आठव. १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरं छापली म्हणून त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा १९३४ मध्ये त्यांचं वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतलं. खटला हरले, दंड झाला, तरी मासिक बंद पडलं नाही. त्याच बाबासाहेबांनी १९५० मध्ये आपल्या गावात मिलिंद महाविद्यालय काढलं, आणि कर्व्यांच्या खटल्यांवर नाटक लिहिलं तेही आपल्याच गावच्या अजित दळवींनी. तुझ्या पेटीतल्या चिठ्ठ्या त्याच वाचकांच्या नातवंडांच्या समज.

मुख्याध्यापकांशी भांडू नकोस. त्यांचा वेगळा तासही होईल आणि तुझा एकत्र तासही. वार कोणताही ठरव. फक्त त्या दिवशी चेंडू कपाटात ठेव.

तुझी,
मावशी