वळण त्याला दिसत नाही

गाडी घाटात शिरली की आतली माणसं न सांगता सावरून बसतात. चालवणाऱ्याच्या हातात स्टिअरिंग असतं, शेजारच्याला पुढचा रस्ता दिसत असतो, मागे बसलेले खिडकीवरची मूठ धरतात. वळण जवळ आलं की अंग कुठल्या बाजूला झुकवायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. गाडीत एकच जीव असा असतो, ज्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. तो मागच्या सीटवर चार पायांवर उभा असतो. गुळगुळीत कव्हरवर नखं रोवायला जागा नसते आणि प्रत्येक वळण त्याच्यावर अवचित येतं. खंडाळ्यात, कुंभार्लीत किंवा आंबोलीच्या घाटात आपलं कुत्रं धापा का टाकतं, कण्हत का राहतं, दोन सीटच्या फटीतून सारखं पुढे यायला का बघतं, हा प्रश्न पडला तर क्षणभर त्याच्या जागी उभं राहून बघावं.

पाळीव प्राण्याला गाडीतून नेण्याचा नैतिक प्रश्न मला इथे सुरू होताना दिसतो. कुठे जायचं, कधी निघायचं, किती वेगाने जायचं, यातलं काहीही त्याने ठरवलेलं नाही. मोठा माणूस बेल्ट न लावता बसला, तर तो चुकतो, पण निदान स्वतःच्या जिवाबाबत चुकतो. कुत्र्याची जोखीम त्याने घेतलेली नसते, ती आपण त्याच्या वतीने घेतलेली असते. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या वतीने निर्णय घ्यायचा, तर स्वतःसाठी घेतो त्याहून जास्त काळजीपूर्वक घ्यायला हवा. प्रत्यक्षात घडतं उलट. घरातल्या सगळ्यांचे बेल्ट तपासून झाल्यावर जो मोकळा राहतो तो तोच, आणि तोही प्रेमापोटी.

या प्रेमाबद्दल मला शंका नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढलेल्या कुत्र्याचा आनंदही खोटा नसतो. वाऱ्याबरोबर येणारा हरेक वास त्याला काही ना काही सांगत असतो, आणि तो आनंद पाहून काच वर करायला हात धजत नाही. पण त्याच वाऱ्यातून धूळ, किडे आणि पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेले खडेही येतात, थेट उघड्या डोळ्यांवर. काचेच्या बटणावर त्याचाच पाय पडून काच वर आली तर मान अडकते. रस्त्याकडेला दुसरं कुत्रं दिसलं तर चालत्या गाडीतून उडीही पडते. चालवणाऱ्याच्या मांडीवर बसलेलं पिल्लू आपल्याला गोड वाटतं, पण मोटार वाहन कायद्याच्या १२५व्या कलमानुसार चालकाच्या ताब्यात अडथळा येईल अशा रीतीने कुणाला बसू देणं किंवा काही ठेवणं हाच मुळात गुन्हा आहे. पुढच्या सीटवर मांडीवर घेतलेला प्राणी तर एअरबॅग आणि माणूस यांच्या मधोमध येतो. पापणी लवायच्या आत फुगणारी ती पिशवी माणसाच्या मापाने बनवलेली असते. दुचाकीच्या पायदानावर उभ्या कुत्र्याचे फोटो आपण कौतुकाने काढतो, चालकाला होणाऱ्या अडथळ्याची गोष्ट त्यालाही लागू आहे.

थोडं गणित मांडतो. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर तरी आदळून थांबली, तर आतला मोकळा जीव त्याच वेगाने पुढे फेकला जातो. हा आघात साधारण दहा मीटरवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतका असतो. वेग दुप्पट झाला की उंची चौपट होते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या सपाट टप्प्यात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मुभा आहे, तिथे हा हिशेब तेराव्या मजल्यापर्यंत जातो. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीच्या कठड्यावर आपण कुत्र्याला कधी मोकळं बसू देणार नाही, पण गाडीत तेच करतो. शिवाय फेकला गेलेला वीस-पंचवीस किलोचा देह पुढे बसलेल्या माणसाच्या मानेवर आणि डोक्यावर येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात मागच्या सीटवर बसलेले उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टबद्दल पहिल्यांदा घराघरात बोलणं झालं. मागे बसलेला जीव आपोआप सुरक्षित असतो हा समज माणसांच्या बाबतीत थोडा तरी ढळला. त्याच सीटवर बसणाऱ्या प्राण्याच्या बाबतीत तो अजून तसाच आहे.

यावर नेहमी एक उत्तर येतं: बांधून ठेवलं तर तो घाबरेल, त्याचा जीव गुदमरेल. हा आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा नीट विचार करायला हवा. गळ्यातल्या पट्ट्याला साखळी अडकवून ती सीटला बांधली, तर तो खरंच गुदमरेल. जोरात ब्रेक लागला तर मानच मोडेल. म्हणून छातीवरून आणि खांद्यांवरून येणारा रुंद, मऊ हार्नेस लागतो आणि त्याची आखूड पट्टी सीटबेल्टच्या खाचेत अडकवावी लागते. पट्टी इतकीच असावी की त्याला बसता यावं, आडवं होता यावं, पण सीटवरून खाली किंवा पुढे जाता येऊ नये. दुसरा मार्ग पिंजऱ्याचा, म्हणजे क्रेटचा. त्यात त्याला उभं राहता यावं, वळता यावं, पाय पसरून झोपता यावं, आणि क्रेट स्वतः घट्ट बांधलेला असावा. नाहीतर अपघातात क्रेटच उडतो. हार्नेस घेताना अपघाताच्या चाचणीत उतरलेला घ्यावा. दुकानात मिळणारे पुष्कळसे फिरायला नेण्यापुरते असतात आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या कड्या धक्क्यात तुटू शकतात.

आता घाबरण्याबद्दल. आयुष्यात पहिल्यांदा हार्नेस चढवायचा तो प्रवासाच्या पहाटे, सामान भरण्याच्या गडबडीत, आणि लगेच सहा तास गाडीत. असं केल्यावर कुठलाही प्राणी घाबरणारच. या भीतीचं कारण आपली घाई असते, दोष मात्र हार्नेसला मिळतो. ज्यांनी वेळ दिला आहे, त्यांच्या घरी वेगळं दिसतं. क्रेट काही आठवडे आधीपासून घरात उघडा पडलेला असतो, त्यात त्याची जुनी चादर असते, जेवणही कधीकधी तिथेच होतं. मग तो आपणहून आत जाऊन झोपू लागतो. पुढे उभ्या गाडीत थोडं बसणं, मग नुसतं इंजिन सुरू करणं, मग सोसायटीबाहेर एक फेरी. काही दिवसांनी घाट लागला, तरी पाठ टेकायला भिंत असलेल्या त्या चौकटीत तो मोकळ्या सीटवर होता त्याहून शांत असतो, कारण वळणावर त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. बांधणं म्हणजे बंधन आणि मोकळं सोडणं म्हणजे माया, ही आपली सोपी वाटणी इथे टिकत नाही.

मांजराचं वेगळं सांगायला हवं. मोकळं मांजर गाडीत सर्वांत अंधाऱ्या कोपऱ्यात शिरतं, आणि तो कोपरा पुष्कळदा ब्रेकच्या पेडलखाली असतो. त्याला बंद बास्केटमध्येच न्यावं. बास्केट पुढच्या सीटच्या मागे, पाय ठेवायच्या जागेत घट्ट बसते. वरून पातळ कापड टाकलं की मांजर निवांत होतं. थांब्यावर दार उघडण्यापूर्वी कुत्र्याच्या पट्ट्याचं टोक हातात असावं आणि मांजराच्या बास्केटचं दार लागलेलं असावं. अनोळखी गावात हमरस्त्यावर पळालेलं जनावर पुन्हा सापडणं फार कठीण. गळ्यात फोन नंबर कोरलेला बिल्ला असेल तर निदान आशा राहते.

काही प्राण्यांना गाडी लागते, पिल्लांना जास्त, कारण कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय अजून पक्कं झालेलं नसतं. लाळ गळणं, सारख्या जांभया, ओठ चाटणं ही उलटीच्या आधीची लक्षणं. निघण्यापूर्वी तीन-चार तास पोट रिकामं ठेवावं, पाणी मात्र द्यावं, आणि औषध पशुवैद्याला विचारूनच. घरातली माणसांची गोळी देऊ नये. तापावरची साधी पॅरासिटॅमॉल मांजराचा जीव घेऊ शकते.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती उन्हात उभी असलेली बंद गाडी. ‘दोन मिनिटांत चहा घेऊन येतो’ म्हणून माणसं फूड मॉलमध्ये शिरतात, रांग लांबते, कुणी फोनवर बोलत राहतं. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी उन्हात उभ्या गाड्यांमधलं तापमान मोजून प्रसिद्ध केलं. तासाभरात आतला पारा सरासरी २२ अंश सेल्सिअसने चढला आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. खिडकी थोडी उघडी ठेवल्याने जवळजवळ फरक पडला नाही. म्हणजे महाड-चिपळूणकडे सकाळी बाहेर ३० अंश असताना अर्ध्या तासात आत ४७ च्या पुढे. माणसाला घाम येतो, कुत्र्याचा घाम पंजांच्या गाद्यांपुरता. बाकी सगळा भार धापा टाकण्यावर, आणि आतली हवाच तापलेली असेल तर धापांनी काही साधत नाही. एरवी ३८-३९ अंशांच्या आसपास असणारं त्याचं तापमान ४१ च्या वर गेलं की अवयव निकामी व्हायला लागतात. पग, बुलडॉग, शिहत्झू अशा चपट्या नाकाच्या जातींना तर श्वास मुळातच अपुरा पडतो. उष्णतेने असा बेजार झालेला कुठलाही प्राणी सापडला तर त्याला सावलीत आणून साध्या पाण्याने, बर्फाच्या नव्हे, पोट, जांघा, पंजे भिजवावेत, वारा घालावा आणि थंड करता करताच डॉक्टरकडे न्यावं.

संत एकनाथांची कथा आपल्याकडे लहानपणीच कानावर पडते. काशीहून रामेश्वराकडे निघालेली गंगेची कावड, वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारं गाढव, आणि त्याच्या तोंडात ओतलेलं ते पाणी. सोबतच्या यात्रेकरूंना ते खटकलं. मला त्या कथेत एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. ते गाढव नाथांचं नव्हतं. त्याच्या मालकाने काय केलं, ते तिथे कसं आलं, याची चौकशी करत नाथ थांबले नाहीत. आज फूड मॉलच्या पार्किंगमध्ये दुसऱ्याच्या गाडीत जीभ बाहेर काढून पडलेलं कुत्रं दिसतं, तेव्हा ‘आपलं थोडंच आहे’ म्हणून आपण पुढे जातो. खरं तर गाडीचा नंबर टिपून ध्वनिक्षेपकावरून पुकारा करायला सांगणं, सुरक्षारक्षकाला आणि चार माणसांना बोलावणं, मालक आला नाही तर ११२ वर फोन करणं, हे आपल्या हातात असतं. मालक येऊन चिडला तर चिडू दे. तेवढी कटुता त्या जिवासाठी सोसण्यासारखी आहे.

कायद्याच्या भरवशावर थांबता येत नाही. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात, विनाकारण त्रास होईल अशा रीतीने प्राण्याची ने-आण करणं आणि त्याला सोडून देणं, दोन्ही गुन्हे आहेत. पण गुन्हा पहिल्यांदाच केला असेल, तर दंड फक्त १० ते ५० रुपये. ब्रिटनच्या वाहतूक नियमावलीत ५७वा नियम कुत्र्यांना आणि इतर प्राण्यांना गाडीत योग्य रीतीने बांधून न्यायला सांगतो. इथे तसं स्पष्ट सांगायला हवं, दंडही अर्थ उरेल इतका हवा. मात्र आपल्या संविधानाच्या ५१-क कलमात, १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीपासून, सजीवांविषयी करुणा बाळगणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे. माझ्या लेखी या करुणेत हार्नेसची पट्टी तपासणं येतं, दर दोन तासांनी सावलीत थांबून पाणी पाजणं येतं, आणि डांबरावर त्याला उतरवण्यापूर्वी आपला तळहात उलटा टेकवून चटका बघणंही येतं.

आणि कधीकधी त्याला न नेणंही येतं. गणपतीला कोकणात जाताना महामार्गावर तासन् तास गाड्या खोळंबतात, गावी फटाके आणि ढोल असतात, अंगणात स्वतःची हद्द राखणारी गावची कुत्री असतात. म्हाताऱ्या, दम लागणाऱ्या, आवाजाला बिचकणाऱ्या प्राण्यासाठी ही सहल नाही. मांजराचा जीव तर माणसांइतकाच घरात गुंतलेला असतो. चार दिवस कुणी सकाळ-संध्याकाळ येऊन खाणं-पाणी बघणार असेल, तर बहुतेकदा ते घरीच बरं राहतं. त्याच्याशिवाय करमत नाही म्हणून त्याला न्यायचं, की त्याला तिथे बरं वाटेल म्हणून, हे निघण्यापूर्वी घरात मोकळेपणाने बोलायला हवं. न्यायचं नाही असं ठरलं, तर शेजारच्या काकूंना आदल्या दिवशी किल्ली देऊन निघू नये. त्याआधी एक-दोन रात्री त्याला त्यांच्या सोबतीने राहू द्यावं, तो जेवतो का ते बघावं, आणि त्याच्या औषधाच्या वेळा, लसीकरणाचं कार्ड, डॉक्टरांचा नंबर हे सगळं एका कागदावर लिहून त्यांच्या फ्रिजवर चिकटवून यावं.