ठाणं बंद झालं, आता ठरवायचं कोणी?

आमच्या गावचं जुनं पोलीस ठाणं बंद झालं. नवं ठाणं 14 किलोमीटरवर, तालुक्याच्या रस्त्याला. इमारत गृहखात्याची, पण वर ठराव पाठवायचा म्हणून ग्रामसभा बसली. कोणी म्हणालं सोसायटीचं गोदाम करा, कोणी म्हणालं मंगल कार्यालय करा. सूतगिरणीतून रातपाळी सुटल्यावर मी तसाच सभेला गेलो. तिथं जे बोलता आलं नाही ते इथं लिहितो.

त्या ठाण्याच्या पायरीखाली माझा बाप अख्खी रात्र बसलाय. मारहाणीची फिर्याद घेऊन गेलता. साहेब नाहीत म्हणून बसवून ठेवला. सकाळी साहेब आले, फिर्याद काही लिहिली गेली नाही. म्हणून त्या भिंती दिसल्या की मला एकच वाटायचं, पाडा च्यायला!

पण दोस्तांनो, पाडून काय होतं? 1972 साली देसाईगंजच्या ठाण्यात एका आदिवासी पोरीवर बलात्कार झाल्याचा खटला चालला. देश तिला मथुरा म्हणून ओळखतो. 1978 साली सुप्रीम कोर्टानं दोन्ही पोलिसांना सोडलं. बायाबापड्या रस्त्यावर उतरल्या तेव्हा 1983 साली कायदा बदलला. ठाण्याच्या आत जे घडतं त्याला भिंतीशिवाय साक्षीदार नसतो. भिंतच पाडली तर आनंद कोणाला होईल, सांगा.

मग विकायचं? लंडनचं बो स्ट्रीट ठाणं 1992 साली बंद झालं, शेजारचं कोर्ट 2006 साली. मताचा हक्क मागणाऱ्या बायांना याच कोर्टात उभं केलं होतं. 2021 साली तिथं महागडं हॉटेल निघालं, आणि जुन्या कोठड्यांत छोटं पोलीस संग्रहालय. हाँगकाँगला जुनं ठाणं, कोर्ट आणि तुरुंग मिळून 2018 साली कलाकेंद्र झालं, तिथल्या कोठड्यांत बारसुद्धा आहे. जिथं माणूस रडला तिथं दुसरा पैसे मोजून पितो. आम्हा गिरणीवाल्यांना हे नवं नाही. मुंबईच्या गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे करायचा नियम 1991 साली झाला: एक महापालिकेला, एक घरांसाठी, एक मालकाला. 2001 साली नियम फिरवला, वाटणी फक्त मोकळ्या जमिनीपुरती ठेवली. 2006 साली सुप्रीम कोर्टानं ते मान्य केलं. घाम गाळणाऱ्याला ठरवताना कोणी विचारलं नाही.

जोहान्सबर्गमध्ये वेगळं घडलं. तिथला जुना किल्ला म्हणजे तुरुंग. गांधी तिथं होते, 1962 साली मंडेला होते. 1983 साली तो बंद झाला. 2004 साली त्याच जागेवर संविधान न्यायालय उभं राहिलं, आणि कच्च्या कैद्यांच्या पाडलेल्या बराकीच्या विटा त्याच्या भिंतीत घातल्या. जिथं न्याय नाकारला तिथंच न्याय बसवला.

हे सगळं मी मायला सांगितलं. ती म्हणाली, "लेका, ठाणं वाईट व्हतं, पण जवळ व्हतं. आता रातच्याला कोणाचं डोकं फुटलं तर चौदा किलोमीटर कोण जाईल?"

मी गप झालो. मी रागाचा विचार करत होतो, ती उद्याच्या माराचा. ठाणं बंद झालं म्हणून जुलूम बंद झाला नाही.

म्हणून माझं म्हणणं असं. ठरवायचा हक्क मालकीतून येत नाही, देण्यातून येतो. ती जागा ज्यांचं देणं लागते त्यांना आधी विचारा. पायरीखाली बसलेल्यांची वेगळी बैठक घ्या, बायांची त्याच्याही आधी. आणि त्या जागेनं जे नाकारलं तेच तिथं द्या. ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 साली स्पष्ट लिहिलंय: तोंडी फिर्याद लिहून घ्यायची, वाचून दाखवायची, मग सही घ्यायची, प्रत लगेच द्यायची. जाणूनबुजून टाळलं तर दलित-आदिवासी नसलेल्या सरकारी नोकराला सहा महिने ते वर्षभर कैद. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

एका खोलीत पोलीस चौकी राहू द्या, रात्रीही उघडी. दुसऱ्या खोलीत आपली लिहितीवाचती पोरं बसतील, फिर्याद लिहून देतील, सोबत जातील. तिसरीत वाचनालय. कोठडी तशीच ठेवा, चुना मारू नका.

आणि ती पायरी काढू नका. पुढच्या ग्रामसभेत मी एवढं तरी बोलणार आहे. माय म्हणते, ती पण येणार.

जयभीम.