मूळ पाठ कोणाचा?

हदगावसारख्या गावी ‘गीतरामायण’ म्हणजे सुधीर फडके यांचा आवाज. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ही मालिका सुरू झाली तेव्हा हदगाव हैदराबाद राज्यात होते. तेथील पुढच्या पिढ्यांना गदिमांचे राम-सीता भेटले ते मुख्यतः ध्वनिमुद्रिका, कॅसेट आणि रामनवमीच्या मांडवातील कर्णा यांतून. वस्तुतः नभोवाणीवरील गीतरामायण अनेक गळ्यांचे होते. लता मंगेशकर, माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, राम फाटक असे गायक त्या छप्पन्न गीतांत होते. सीतेचे दुःख तेथे स्त्रीकंठातून येई. पुढे संगीतकाराच्या एकट्या गळ्याने सर्व पात्रे आपल्यात सामावून घेतली. नाट्याचे आख्यान झाले आणि रसिकांनी तोच पाठ प्रमाण मानला. मग आरंभीचे नभोवाणी-मुद्रण आज पुढे आणले, तर त्याला ‘मूळ’ म्हणावे काय?

हा प्रश्न केवळ आस्वादाचा नाही. नभोवाणीसाठीचे गायन त्या वेळेपुरते असते. तेथील चूक क्षम्य, कारण ती टिकणार नसते. तिला कायम करणे हा कलावंताशी असलेल्या अलिखित कराराचा भंग ठरू शकतो. ‘बीटल्स’ या इंग्रज रॉक-वृंदाच्या ‘लाइव्ह ॲट द बीबीसी’ या १९९४ च्या संग्रहाने हा पेच उघड केला. १९६३ ते १९६५ मधील या नभोवाणी-मुद्रणांपैकी तीस गाणी वृंदाने तोवर प्रसिद्धच केली नव्हती. त्यांतील बहुतेक इतरांची, उमेदवारीच्या दिवसांत गायिलेली. जॉन लेनन १९८० मध्येच मारला गेला होता. त्याची संमती विचारण्याची सोय नव्हती. शिवाय बीबीसीने अनेक फिती जपल्या नव्हत्या. काही गाणी श्रोत्यांनी घरी रेडिओवरून टिपून ठेवलेल्या फितींवरून घ्यावी लागली. म्हणजे ‘मूळ’ म्हणून हाती आले ते गायलेले नव्हे, ऐकलेले.

मराठी वाङ्मयाला ही अवस्था परकी नाही. हदगावच्याच जिल्ह्यातील माहूर ज्या महानुभावांचे श्रद्धास्थान, त्यांच्या ‘लीळाचरित्रा’ची कथा अशीच आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी शिष्यांकडून जमविल्या. ती पोथी परचक्रात हरपल्यावर अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला, असे परंपरा सांगते. स्मरणे जुळेनात, तेव्हा त्यांनी भेद लपविला नाही. भिन्न आठवणीला ‘वासना’ म्हटले. हिराइसेचा पाठ तिच्या नावानेच राहिला. पाठचिकित्सेची ही नीती आजच्या कित्येक संपादकांहून अधिक प्रामाणिक म्हणावी लागेल.

त्या कसोटीवर संमतीचा आक्षेप अर्धाच टिकतो. एकदा प्रसारित झालेले गाणे श्रोत्याच्या स्मरणात गेले. तेथून ते परत मागण्याचा अधिकार गायकालाही उरत नाही. मात्र स्मरणात असणे वेगळे आणि विक्रीस असणे वेगळे. शिष्यांनी लीळा विकल्या नव्हत्या. फीत बाजारात आणणाऱ्याने तिला ‘अस्सल’ म्हणून मिरवू नये, आणि ती कोणाच्या कानांतून आली हे पुसू नये. व्यवहारात उलटच घडते: खरखर शक्य तितकी काढून टाकली जाते, आणि त्या खरखरीबरोबर रेडिओपुढे टेपरेकॉर्डर धरून बसलेला माणूसही जातो. लेननचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. त्याने ती गाणी प्रसिद्ध केली नाहीत, हाही त्याचा एक पाठच होता.