आता तूच कर्ता!

प्रत्येक जावई हा माणूस असतो. पण प्रत्येक माणूस जावई नसतो. हे तत्त्वज्ञान मी सासुरवाडीत नाही, संगणकाच्या पुस्तकात शिकलो.

ऑस्लोच्या ओले-योहान डाल आणि क्रिस्टन नीगार्ड या जोडीने १९६७ साली 'सिम्युला ६७' ही भाषा मांडली. तिच्यात 'क्लास' आला. क्लास म्हणजे शिकवणी नव्हे, साचा. 'माणूस' हा मूळ साचा : नाव, वय, भूक. त्यावरून काढलेला 'जावई' : वरचे सगळे, शिवाय मानपान आणि रुसणे.

आता गंमत बघा. जावयाला माणूस समजा म्हटले, तर संगणक निमूट ऐकतो. पण साध्या माणसाला जावई समजा म्हटले की अडते. १९९५ साली आलेल्या जावा भाषेत तसे लेबल लावता येते. त्याला 'कास्ट' म्हणतात. जातीशी संबंध नाही. आधी तपासणारा कंपायलर 'तुम्ही म्हणताय तर असेल बुवा' म्हणून पुढे सोडतो. पण प्रोग्रॅम चालू झाला की पितळ उघडे पडते! वस्तू जन्मली 'माणूस' म्हणून. रुसण्याचा कप्पा तिच्यात आहेच कुठे? मग उपाय एकच. नवा जावई घडवायचा, जुन्याचे नाव-वय त्यात उतरवायचे आणि उरलेले कप्पे आपण भरायचे. आकड्याचा कप्पा भरला नाही, तर जावा तिथे शून्य ठेवते.

माणसांचा व्यवहार मात्र बराचसा लेबलांवर चालतो. बाबा गेले तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो. तेराव्याचे जेवण आटोपल्यावर एक मामा पाठीवर हात ठेवून म्हणाले, "आता तूच घरातला कर्ता!" झाले. नाव तेच, वय तेच, भूकही तीच. पण कर्ज किती, पावत्या कुठल्या डब्यात, धाकटीच्या लग्नाचे कुणाशी बोलायचे, आणि रात्रभर झोप नसली तरी सकाळी आईसमोर हसायचे कसे, हे कप्पे माझ्यात नव्हतेच. मामा संध्याकाळच्या गाडीने गेले. शेजारचे काका दुसऱ्या दिवशी आले आणि तासभर बसून पावत्या लावून देऊन गेले. एक कप्पा भरला.

माणसाला नवे घडवून मिळत नाही. चालत्या प्रोग्रॅममध्येच कप्पे पाडावे लागतात. म्हणून कुणाला 'आता तूच' म्हणायचे असेल, तर त्याचा निदान एक कप्पा आपण भरून द्यावा. नुसते लेबल काय, फुकट मिळते.

आणि जुन्या वस्तूचे काय होते? जिच्याकडे प्रोग्रॅममध्ये कुणीच बोट दाखवत नाही, ती जावा केरात काढते. मला आता सगळे घर 'अण्णा' म्हणते. आई तेवढी अजून विचारते, "बाळ्या, जेवलास का रे?"

ते एक बोट आहे, तोवर बाळ्याला केरात काढायची कुणाची छाती नाही.