शीलाचे रक्षण अज्ञानाने होते काय?

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात काय बदलते, हे बाहेरून चटकन दिसते. देव्हारा जातो, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची प्रतिमा येते. नवस-सायास, उपास-तापास थांबतात. रविवारी मुलाबाळांसह विहारात जाऊन त्रिशरण-पंचशील म्हटले जाते. आत काय बदलले, हे मात्र त्या घरातला मुलगा किंवा मुलगी वयात आल्याशिवाय कळत नाही. मुलीला पाळी आली, मुलाला मिसरूड फुटली, की एरवी सभेत तासतासभर बोलणारी माणसे घरात मुकी होतात. बाप आईकडे बघतो, आई आजीकडे बघते आणि आजी म्हणते, ‘‘लग्न झाले की सगळे आपोआप कळते.’’

या मौनातूनच आजचा प्रश्न उभा राहतो. लग्न न झालेल्या तरुण-तरुणींना आपल्या शरीराचे, संततिनियमनाच्या साधनांचे ज्ञान द्यावे काय? ती साधने आणि अवघड जागच्या आजारांवरचे औषधपाणी गरिबाला परवडेल अशा रीतीने त्यांना मिळावे काय? की त्यामुळे तिसरे शील मोडायला उत्तेजन मिळते? अनेक उपासक-उपासिका ही शंका मनात बाळगून असतात. शंका प्रामाणिक आहे, म्हणून ती झटकून न टाकता तिचा विचार केला पाहिजे.

प्रथम शील म्हणजे काय ते पाहू. कामविषयक मिथ्याचारापासून अलिप्त राहण्याची शिकवण मी ग्रहण करतो, असे आपण तिसऱ्या शीलात म्हणतो. ही कोणा देवाची आज्ञा नाही. ती मोडली तर नरकात टाकणारा कोणी वर बसलेला नाही. माणूस ती समजून-उमजून स्वतःहून स्वीकारतो. आता, जी गोष्ट समजून स्वीकारायची ती समजूच द्यायची नाही, आणि वर म्हणायचे की मुलांनी शील पाळावे, हे कसे जमावे? ज्याला काही ठाऊकच नाही त्याच्या हातून काही घडले नाही, तर ते शील नव्हे. तो केवळ योगायोग आहे. योगायोगावर मुलांचे आयुष्य सोपवणारा आईबाप शीलाचा रखवालदार कसला?

कोणी म्हणेल, पाली ग्रंथांत तर आईच्या, बापाच्या, भावाच्या रक्षणाखाली असलेल्या मुलीशी संबंध ठेवणे हाही मिथ्याचारच सांगितला आहे. खरे आहे. पण तेथे ‘रक्षण’ हा शब्द आहे, आणि रक्षण करणाऱ्यावर त्याने जबाबदारी टाकली आहे. विहिरीला कठडा न बांधता पोराला ‘विहिरीचे नाव काढू नको’ असे बजावणे म्हणजे रक्षण नव्हे. विनयपिटकात भिक्षूंच्या शरीराविषयीचे, कामवासनेविषयीचे नियम किती उघड शब्दांत सांगितले आहेत, हे ज्यांनी तो ग्रंथ पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे. ब्रह्मचर्याची शिकवण देतानाही तथागतांनी आडपडदा ठेवला नाही. मग संसारी माणसांनी तो का ठेवावा?

यावर दुसरे उत्तर येते, लाज नको का? लाज हवीच. धम्मात हिरी आणि ओत्तप्प यांना जगाचे रक्षण करणारे दोन धर्म म्हटले आहे. हिरी म्हणजे वाईट कृत्य करण्याची लाज आणि ओत्तप्प म्हणजे त्या कृत्याच्या परिणामांचे भय. दोन्हींचा संबंध कृत्याशी आहे. शरीर असण्याची, पाळी येण्याची, आजार होण्याची लाज त्यात कुठेही नाही. ती लाज आली कुठून? ती आली विटाळाच्या कल्पनेतून. ‘कावळा शिवला’ म्हणून बाईला चार दिवस बाजूला बसवणारा आणि सावली पडली म्हणून आपल्या आज्या-पणज्यांना पाणवठ्यावरून हाकलणारा विचार एकच. माणसाचे शरीर मुळातच अपवित्र असते, ही त्या दोहोंची समजूत. पाणवठ्यावरचा विटाळ आपण महाडला १९२७ साली झुगारला. घरातल्या लेकीसुनांच्या देहावर मात्र तो अजून ठेवला आहे, आणि त्याला आपण शील म्हणतो!

ही केवळ शब्दांची बाब नाही. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन खेड्यांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. त्यांचा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभरातल्या ९२ स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता; त्याआधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात अवघ्या आठ होत्या. लाजेने झाकलेले दुखणे म्हणजे काय, याचा तो आरसा आहे.

बाबासाहेबांनी या बाबतीत काय केले, हेही पाहू. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्यापायी त्यांची प्राध्यापकाची नोकरी गेली. १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून ते वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे देत. त्याबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडायला कोर्टात उभे राहिले ते बॅरिस्टर आंबेडकर. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण बाबासाहेबांनी त्या विषयाकडे पाठ फिरवली नाही. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला. सरकारने लोकांना त्याचे ज्ञान द्यावे आणि सोयीही पुरवाव्यात, अशी ती मागणी होती. बाबासाहेब त्या दिवशी हजर राहू शकले नाहीत. त्यांनी लिहून दिलेले भाषण सभागृहात वाचले गेले. बाळंतपणाच्या कळा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर एकापेक्षा अधिक मुलाला तो तयार झाला नसता, असा रोखठोक मुद्दा त्यात आहे. ठराव मोठ्या बहुमताने फेटाळला गेला. ज्या प्रश्नावर बाबासाहेब कोर्टात आणि कायदेमंडळात दोन्हीकडे हरूनही बोलत राहिले, त्या प्रश्नावर त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी घरातही बोलू नये, हे कसे?

आता एक उदाहरण. मी शाळेत शिकवते. माझी एक जुनी विद्यार्थिनी बारावीनंतर दुसऱ्या गावी वसतिगृहात राहून शिकत होती. वय एकोणीस. ओटीपोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, म्हणून ती एका सरकारी दवाखान्यात गेली. तेथे रांगेतल्या साऱ्यांसमोर तिला पहिला प्रश्न विचारण्यात आला, ‘‘लग्न झालंय का?’’ ‘नाही’ म्हणताच दुसरा प्रश्न, ‘‘मग हे कशाने झालं?’’ पोरगी तशीच माघारी फिरली. चार महिने तिने दुखणे अंगावर काढले. शेवटी ताप भरला, तेव्हा मैत्रिणींनी दुसरीकडे नेले. साधा जंतुसंसर्ग होता. शरीरसंबंध नसतानाही होऊ शकतो असा. गोळ्यांनी बरा झाला. पण तोवर गावाकडे कुजबूज पोचली होती. बापाने तिला घरी आणले आणि त्याच उन्हाळ्यात तिचे लग्न लावून दिले. शिक्षण तिथेच थांबले. त्या घराच्या भिंतीवर पंचशील लिहिलेले आहे. मी विचारते, त्या मुलीने त्यातले कोणते शील मोडले होते? आणि खातरजमा न करता कुजबुजणाऱ्यांनी चौथे शील पाळले होते काय?

मुलांचीही कथा निराळी नाही. रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’ बरे करणाऱ्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात. त्या भिंती कोणाच्या मौनावर उभ्या आहेत? ज्या पोराला बापाला विचारता येत नाही ते पोर तेथे जाते, पैसे घालवते आणि भलतीच भीती मनात घेऊन येते. श्रीमंताच्या मुलाला अशी वेळ येत नाही. तो शहरात खासगी डॉक्टरकडे जातो. तेथे त्याला औषधाबरोबर गुप्तताही विकत मिळते. गरिबाला औषध फुकट मिळाले तरी गुप्तता मिळत नाही. म्हणून ‘परवडणारी’ सेवा म्हणजे केवळ कमी पैशांची सेवा नव्हे. जिची किंमत अब्रूने मोजावी लागत नाही, तीच गरिबाला परवडते.

आपल्या वस्त्यांमध्ये या विषयाबद्दल आणखी एक अढी आहे, आणि ती निराधार नाही. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून अधिक नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या. सक्तीचा जाच गोरगरिबांना आणि दलितांना विशेष झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच मंजूर केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. तेव्हापासून ‘कुटुंबनियोजन’ म्हटले की आमची म्हातारी माणसे बिचकतात. परंतु नीट पाहिले तर तेव्हाची सक्ती आणि आजचा नकार ही एकाच झाडाची फळे आहेत. तेव्हा गरिबाला धरून नेत होते, आज त्याच्या मुलीला रांगेतून परत पाठवतात. तिच्या शरीराचा निर्णय दोन्ही वेळा दुसराच कोणी घेतो. स्वतःच स्वतःचा दीप व्हावे ही तथागतांची शिकवण या दोहोंच्याही विरुद्ध आहे.

मग करायचे काय? सोयी मुळीच नाहीत असे नाही. सरकारी आरोग्य केंद्रात निरोध, माला-एन आणि छाया या गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचे अंतरा इंजेक्शन आणि तांबी विनामूल्य देण्याची योजना आहे. यांपैकी संभोगातून पसरणाऱ्या रोगांपासून रक्षण होते ते केवळ निरोधने, हे मुलामुलींना स्पष्ट सांगितले पाहिजे. अचानक घ्यावयाची गोळी बहात्तर तासांच्या आत, जितकी लवकर तितकी बरी. ती नेहमीचा उपाय नव्हे. गर्भपाताच्या गोळ्या दुकानातून आणून आपल्या मनाने घेणे जिवावर बेतू शकते. गर्भपाताचा कायदा १९७१ चा. त्यात २०२१ साली दुरुस्ती होऊन साधन निष्फळ ठरल्याची तरतूद अविवाहित स्त्रीलाही लागू झाली. सज्ञान स्त्रीला तिच्या एकटीच्या संमतीखेरीज कोणाचीही संमती लागत नाही, आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ रोजी दिला.

अठरा वर्षांखालील मुलांची गोष्ट वेगळी आहे, हेही सांगितले पाहिजे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशा वयात मुलीची संमती असली तरी शरीरसंबंध हा गुन्हा ठरतो. मुलांना हे माहीत असणे हाही ज्ञानाचाच भाग आहे. पण त्या वयाच्या मुलीवर संकट आले तर तिला उपचार नाकारावेत, असे कोणताही कायदा सांगत नाही.

दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्यातील सल्ला केंद्रांना आपल्या महाराष्ट्रात ‘मैत्री’ हे नाव दिले आहे. ज्याने दिले त्याला कल्पना असो वा नसो, हा आपला शब्द आहे. मैत्री म्हणजे मेत्ता. करुणेच्याही पुढे जाऊन साऱ्या प्राणिमात्रांपर्यंत पोचणारी मैत्री बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात सांगितली आहे. त्या नावाची पाटी असलेल्या खोलीत आपल्या मुलीला ‘लग्न झालंय का’ म्हणून दरडावले जात असेल, तर विहारातल्या चार उपासक-उपासिकांनी मिळून तेथे जाऊन जाब विचारला पाहिजे. वर्षावासात एक दिवस एखाद्या डॉक्टर भगिनीला विहारात बोलावून मुलींशी, आणि डॉक्टर बंधूला बोलावून मुलांशी मोकळेपणाने बोलू दिले पाहिजे. महाराष्ट्रात २००७ साली शाळांतले लैंगिक शिक्षण संस्कृतीच्या नावाने बंद पाडले गेले होते. विहार ही आपली जागा आहे. तेथे बंदी घालणारे कोणी नाही, आपल्या भीतीखेरीज.

अतिसाराने आजारी, स्वतःच्याच घाणीत पडलेल्या एका भिक्षूची कथा आपण विहारात ऐकतो. कोणी त्याची शुश्रूषा करीत नव्हते. तथागतांनी त्याला तीन गोष्टी विचारल्या. तुला काय होते आहे? तुझी काळजी घेणारे कोणी आहे काय? का नाही? मग आनंदाला पाणी आणायला सांगून त्यांनी स्वतः त्याच्यावर पाणी घातले आणि आनंदाने त्याला धुतले. ‘हे कशाने झाले’ असे विचारून त्याला शरमिंदा केले नाही.

नव्याने दीक्षा घेतलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, आपली मुले दुखणे घेऊन आपल्यापुढे उभी राहतील तेव्हा तोंडून पहिला प्रश्न कोणता निघतो, यावरून आपण बाबासाहेबांचा धम्म किती स्वीकारला ते कळेल. तथागतांचे तीन प्रश्न पाठ करा. मुलांना शील शिकवा, जरूर शिकवा. पण त्याआधी त्यांना ज्ञान द्या, आणि आजारात त्यांचा हात सोडू नका.

जय भीम! नमो बुद्धाय!