आवाजाला अस्तर

माझा भाचा गेल्या वर्षी मार्गशीर्षात आमच्याकडे थळला राहायला आला, तो आपले घर बरोबर घेऊनच. त्याने कुठूनशी एक जुनी मॅटॅडोर गाडी मिळवली होती. एके काळी शाळेच्या मुलांपासून दुधाच्या कॅनपर्यंत सगळ्या महाराष्ट्राला वाहून नेणारी ही गाडी आता रस्त्यावर क्वचितच दिसते. भाच्याने तिच्या पोटात एक पलंग, हातभर लांबीचा ओटा, पाण्याची टाकी आणि एक पंखा बसवला होता. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली अशा फिरत्या घरांच्या पर्यटनाचे धोरण जाहीर केले, तेव्हापासून त्याच्या डोक्यात हे खूळ होते. गाडीच्या मागच्या अंगाला, पलंगाच्या उशाशी, लोखंडी दाराचा एक कप्पा होता आणि त्या कप्प्यात पेट्रोलवर चालणारा छोटा जनरेटर होता.

"मामा, तुम्हाला माझा काही त्रास नाही. वीजसुद्धा माझी मी आणली आहे," तो मोठ्या कौतुकाने म्हणाला.

त्या रात्री त्याची वीज चालू झाली आणि आमच्या आवारातल्या नारळांवरचे कावळे उठून बसले. पंख्याखाली झोपायला गेलेला भाचा तासाभराने बाहेर येऊन ओटीवर आडवा झाला. त्याचा पंखा, त्याचा पलंग, त्याचीच वीज. पण तिच्या शेजारी त्यालाच झोप येईना.

दुसऱ्या दिवशी तो अलिबागला जाऊन सामान घेऊन आला आणि कप्प्याला अस्तर लावायचा उद्योग सुरू झाला. शाळेला रविवारची सुट्टी होती, म्हणून मीही हाताखाली उभा राहिलो. माझे शास्त्र मॅट्रिकपर्यंतचे, त्यामुळे पुष्कळ गोष्टी मला नव्याने कळल्या. आवाज अडवायला एकच एक वस्तू पुरत नाही. यंत्राची थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून त्याच्या पायांखाली रबराचे ठोकळे द्यावे लागतात, नाहीतर सगळी गाडीच ढोलासारखी वाजते. मग हवेतून येणारा आवाज थोपवायला जड भिंत लागते. हलकी पातळ फळी कितीही सुबक असली तरी आवाजाला आडवी येत नाही. आणि आत कोंडलेला आवाज पुन्हा पुन्हा आपटून घुमू नये म्हणून आतून काचेच्या लोकरीसारखे मऊ, सच्छिद्र अस्तर लागते. स्पंज स्वस्त पडतो. पण धुराच्या तापलेल्या नळीपाशी तो पेट घेण्याची भीती असते. एवढे सगळे करून बोटभर फट राहिली, तर निम्मी मेहनत त्या फटीतून निघून जाते.

भाच्याने पहिला थर लावला तो पलंग आणि जनरेटर यांच्यामधल्या भिंतीला. ते स्वाभाविकच होते. मलाही त्यात काही वावगे दिसले नाही.

इतक्यात कुंपणापलीकडून आमची शेजारीण, नाखवीण, आली. तिचा नवरा एके काळी स्वतःची होडी घेऊन खांदेरीच्या पलीकडे मासेमारीला जात असे. आता गुडघ्यांनी दगा दिल्यामुळे घरीच जाळी विणत बसतो. नाखवीण थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "मास्तर, ह्यो कापूस कशाला?"

"आवाज येऊ नये म्हणून."

"कोणाला येऊ नये?"

भाचा हसला. तीही हसली आणि हसतहसतच म्हणाली, "वादळात तुमच्या जनरेटरला असा कापूस असता, तर माजी हाक तुमाला आली असती."

"कसली हाक?" मी विचारले.

मग तिने सांगितले. सांगताना तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती; गेल्या वर्षीच्या पावसाबद्दल बोलावे तसे ती बोलत होती. वादळानंतर एका रात्री नाखव्याच्या छातीत कळा येऊ लागल्या. घरात ती एकटी. ती कुंपणापाशी येऊन मला तीन-चार वेळा हाका मारून गेली. माझ्या खोलीत दिवा होता, म्हणजे मी जागा होतो, हे तिला दिसत होते. उत्तर आले नाही. तेव्हा ती अंधारात, पडलेल्या झाडांवरून वाट काढत पलीकडच्या आळीत गेली, तिथल्या पोरांना उठवले आणि त्यांनी नाखव्याला टेंपोत घालून अलिबागला नेले. नाखवा वाचला. पुढे आमची रोज गाठ पडत होती, बोलणी होत होती, आणि या गोष्टीचा एक शब्दही त्या दोघांनी कधी काढला नव्हता.

३ जून २०२० चा तो दिवस या किनाऱ्यावर कोणी विसरणार नाही. निसर्ग नावाचे ते वादळ ताशी शंभर किलोमीटरहून अधिक वेगाने भर दुपारी आले आणि पोफळी, नारळ, कौले, विजेचे खांब, जे उभे होते ते सर्व आडवे करून गेले. टाळेबंदीचे दिवस; त्यात वीज गेली, ती गावोगाव कितीतरी दिवस आलीच नाही. माझी आई दम्याने अंथरुणाला खिळलेली होती. वाफेचे औषध देणारे तिचे यंत्र विजेवर चाले. मी खटपट करून एक जुना, उघडा, डिझेलचा जनरेटर भाड्याने आणला आणि आईच्या खोलीला आवाजाचा त्रास नको म्हणून तो परसात अगदी टोकाला, कुंपणाशी ठेवला. आम्हाला तो तितकासा ऐकू येत नसे. कुंपणापलीकडे नाखव्याचे घर होते. त्याचे छप्पर उडाले होते आणि ती दोघे ताडपत्रीखाली झोपत होती.

मी त्या यंत्राला अस्तर लावले नाही, असे कोण म्हणेल? लावले होते. माझ्या परसाची सगळी लांबी मी माझ्या बाजूने अस्तरासारखी वापरली होती.

आवाजाचे गणित सोपे आहे आणि निर्दय आहे. आपल्याकडच्या नियमांप्रमाणे वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहापर्यंत आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, आणि डिझेलच्या जनरेटरला पेटीत बसवून एक मीटर अंतरावर ७५ डेसिबलची मर्यादा घालून दिलेली आहे. उघड्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. फळ्यावर मांडून पाहिले तर १ मीटरवरचे ७५ हे ३२ मीटरवर जाऊन ४५ होतात. म्हणजे नियमातल्या, पेटीतल्या जनरेटरलादेखील शेजाऱ्याची रात्र राखायला बत्तीस मीटरचे अंगण हवे. आमच्या थळच्या आळ्यांत एका घराच्या पागोळ्या दुसऱ्याच्या ओट्यावर पडतात. आणि माझा जनरेटर तर पेटीविना होता.

समोर समुद्रात खांदेरीचा किल्ला आहे. शिवाजी महाराजांनी १६७९ साली तो बांधायला घेतला. तिथे एक खडक आहे. त्यावर दगडाने ठोकले की धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. वर्गातली मुले सहलीला गेली की आळीपाळीने तो वाजवतात, आणि हात दुखले की थांबतात. जुन्या काळच्या बहुतेक आवाजांना ही मर्यादा आपोआप होती. जाते दळणारी थकत असे, उखळीत कांडणारी थकत असे, भजनी मंडळीसुद्धा पहाटे पेंगत. आवाज करणाऱ्याचा देहच त्या आवाजाची किंमत मोजत असे. यंत्राला थकवा नाही. मी कळ दाबून दुसऱ्या खोलीत जाऊन बसलो, तरी माझा आवाज माझ्या नावाने शेजाऱ्याच्या अंगणात उभाच राहतो.

आणि आवाजाचा दुसरा गुण आपण विसरतो. तो दुसऱ्याला नुसता त्रास देत नाही, आपल्याला बहिरे करतो. हायरम मॅक्सिम याने १८८४ च्या सुमारास मशीनगन बनवली. उतारवयात त्याला ऐकू येईनासे झाले होते. त्याच्याच मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या आवाजाला लगाम घालणाऱ्या सायलेन्सरचे पेटंट घेतले आणि पुढे इंजिनांसाठीही सायलेन्सर बनवले. बापाच्या कानांनी जे भोगले ते मुलाच्या हातांनी ओळखले की काय, हे मला सांगता येणार नाही; पण आवाज करणाऱ्याच्या कानांत प्रथम काय बुडते, ते मला आता माहीत आहे. शेजारच्या माणसाची हाक बुडते.

नाखवीण गेल्यावर आम्ही पुन्हा कप्प्यापाशी आलो. भाचा म्हणाला, "मामा, मग आता चारी बाजू बंद करतो. कुठेच आवाज नको."

पण तसे करता येत नाही, हेही तिथेच कळले. जनरेटरला श्वास लागतो. हवा कोंडली तर तो तापतो, गुदमरतो आणि बंद पडतो. शिवाय त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला ना रंग, ना वास. झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. तेव्हा धूर कोंडून चालत नाही, आणि तो आपल्या उशाशी किंवा दुसऱ्याच्या खिडकीशी सोडूनही चालत नाही. कितीही अस्तर लावा, कुठेतरी एक तोंड उघडे ठेवावेच लागते. म्हणून खरा प्रश्न जाडीचा उरत नाही. जे अडवता येत नाही, त्याचे तोंड कोणाकडे करायचे, हा तो प्रश्न आहे.

आम्ही असे केले. शेजाऱ्यांच्या बाजूला सगळ्यांत जड भिंत आणि दुहेरी थर दिला. हवेची वाट सरळ न ठेवता दोन वळणे घेऊन, आतून लोकर लावून काढली. वळणावर आवाज पुष्कळसा जिरतो, हवा मात्र जाते. तिचे तोंड आमच्या ओटीकडे केले. धुराची नळी सायलेन्सरमधून काढून टपाच्या वर, खिडक्यांपासून दूर नेली. आणि रात्री दहाला यंत्र बंद, हे ठरवले. ओटीवर बसले की थोडी घरघर ऐकू येई. ती आपलीच आहे, म्हणून ती आपल्याला ऐकू यावी, हेच मला रास्त वाटले.

येथवर लिहून लेख संपवता आला असता. पण दिवाळीच्या दिव्यासमोर अर्धे सांगणे बरे नव्हे.

त्या संध्याकाळी मी नाखव्याकडे गेलो. तो दारात जाळे घेऊन बसला होता. मी म्हणालो, "नाखवा, त्या जनरेटरचा तुम्हाला फार त्रास झाला. मला एका शब्दाने सांगायचंत तरी."

तो म्हणाला, "त्रास कसला, मास्तर? तो वाजायचा तवर आमाला कळायचं, आजीचं औषिद चालू हाय. रातीला मधीच बंद पडला की हीच घाबरी व्हायची."

मी उभा होतो तिथेच उभा राहिलो. ज्या आवाजाला मी पाठ फिरवली होती, त्यात ती दोघे माझ्या आईचा श्वास ऐकत होती. त्यांना माझ्या घरातले ठाऊक होते, म्हणून त्यांनी तो सोसला. मला त्यांच्या घरातले ठाऊक नव्हते.

आणि एक गोष्ट त्यांना ठाऊक नव्हती. वादळानंतर काही दिवसांनी पेणला बहिणीकडे वीज आली, तेव्हा मी आईला तिथे पोचवले होते. पुढचे चार दिवस जनरेटर माझ्याच परसात होता. भाडे भरलेले होते, डिझेल उरले होते, आणि मी त्या विजेवर रात्रभर दिवा लावून माझ्या कादंबरीची शेवटची प्रकरणे लिहीत होतो. नाखविणीने हाक मारली ती त्या चार रात्रींतली एक. खोलीत आई नव्हती, औषध नव्हते. तिथे मी होतो आणि माझे लिहिणे होते. माणसांची सुखदुःखे समजावून घेण्याचा तो उद्योग इतका रंगला होता की कुंपणाशी उभे असलेले माणूस मला ऐकू आले नाही.

आई पुढे दोन वर्षांनी गेली. सत्य सांगितले नसते तर कोणाचे काही बिघडणार नव्हते. नाखव्याच्या मनातली ती रात्र तशीच चांगली राहिली असती. मी स्वतःशी म्हटले, की म्हाताऱ्याचे समाधान कशाला मोडा? पण हा विचार फारच मऊ होता, आणि त्या दिवशी सकाळपासून मी मऊ अस्तरच हाताळत होतो. ते कोणाच्या बाजूने लावले जाते आहे, ते मला ओळखता आले.

मी त्याला सगळे सांगितले.

नाखवा बराच वेळ काही बोलला नाही. सुई जाळ्यातून दोन-तीनदा फिरली. मग खाली मान घालूनच त्याने विचारले, "मंग ते बुक लिवून झालं?"

"झालं."

"बरं झालं," तो म्हणाला, आणि आतल्या बाजूला तोंड करून नाखविणीला चहा टाकायला सांगितले.

त्या 'बरं झालं'चा अर्थ मला अजून पुरता लागलेला नाही. क्षमा असेल, टोला असेल, किंवा दोन्ही असेल. एवढे मात्र झाले आहे, की रात्री लिहायला बसलो की मी कुंपणाकडची खिडकी उघडी ठेवतो.